शाळेचे दर्शनी अंगण : अल्प खर्चात बागेची नवी मांडणी

शाळेत येणाऱ्या मुलाचे पहिले पाऊल अंगणात पडते. पालक आणि गावकरी यांचाही शाळेविषयीचा पहिला ग्रह बहुधा अंगण पाहूनच होतो. त्यामुळे शाळेपुढे एखादी टुमदार बाग असावी, अशी प्रत्येक शिक्षकाची इच्छा असणे स्वाभाविक आहे. सोलापूर जिल्ह्यातील पुष्कळ शाळांत असा प्रयत्न एकदा तरी झालेला असतो. पावसाळ्यात रोपे लागतात, दिवाळीपर्यंत ती हिरवीगार दिसतात, माघ-फाल्गुनात पाणी कमी पडू लागते आणि उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा वाळलेल्या काटक्या व रिकामे वाफे तेवढे शिल्लक असतात. दोन-तीन वर्षे असेच घडले की मुलांचा उत्साह मावळतो. आपल्या गावात काही चांगले टिकत नाही, हा धडा कोणी न शिकविता त्यांच्या मनावर ठसतो. बागेच्या मांडणीचा विचार नव्याने करावयाचा तो याच कारणासाठी.

हवामानाने घातलेली अट

सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला सुमारे साडेपाचशे मिलिमीटर असून त्यातील मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तोही दरवर्षी सारखा नसतो. एप्रिल-मे महिन्यांत तपमान ४० अंशांच्या वर जाते. अशा प्रदेशात हिरवळ व नाजूक फुलझाडे यांवरच सर्व शोभा अवलंबून ठेवली, तर ती चार-पाच महिन्यांपेक्षा अधिक टिकणे कठीण. उरलेल्या काळात अंगणाचे रूप दगड, माती, कौल, खापर आणि रंग यांनीच सांभाळले पाहिजे. म्हणून अल्पमोलात अथवा विनामूल्य मिळणाऱ्या टाकाऊ वस्तूंना येथे केवळ काटकसरीचा उपाय समजू नये. अंगणाचा आराखडा त्यांनी बांधावयाचा व झाडांनी तो ऋतुमानाप्रमाणे भरावयाचा, हा क्रम या जिल्ह्याला अधिक मानवणारा आहे.

टाकाऊ वस्तूंचे सामर्थ्य दाखविणारे एक मोठे उदाहरण आपल्या देशातच आहे. चंडीगढ शहराची उभारणी चालू असताना तेथील सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेले नेकचंद सैनी यांनी १९५७ च्या सुमारास पाडलेल्या घरांचे साहित्य, फुटक्या चिनी मातीच्या वस्तू, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि नदीतील गोटे जमविण्यास आरंभ केला. नोकरीचे काम सांभाळून फावल्या वेळात त्यांनी त्यांतून मूर्ती व भिंती घडविल्या. सरकारी अधिकाऱ्यांच्या दृष्टीस हे काम १९७५ मध्ये पडले आणि १९७६ मध्ये ते ‘रॉक गार्डन’ या नावाने लोकांसाठी खुले झाले. ग्रामीण शाळेने एवढा मोठा पसारा मांडण्याचे कारण नाही. परंतु एकाच प्रकारच्या शेकडो क्षुद्र वस्तू धीराने जमवून त्या नीट रचल्या म्हणजे त्यांना शोभा येते, हे तेथून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले व १९५७ मध्ये कोसबाड येथे गेलेले त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र बालशिक्षणाच्या साधनांसाठी महागड्या सामानावर विसंबून राहिले नाही. बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या अशा परिसरातील वस्तूंतून त्यांनी शिक्षणसाहित्य तयार केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. अंगण हे शिक्षणाचे स्थान आहे, हे या शब्दातच सांगितलेले आहे.

साहित्य कोठे मिळते

सोलापूर जिल्ह्यात असे साहित्य विपुल आहे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणाऱ्या शहाबादी फरशीचे मोडके तुकडे घरबांधणीच्या ठिकाणी पडून असतात. शाळेचे जुने कौलारू छप्पर काढून स्लॅब टाकली गेली असेल, तर मंगलोरी कौलांचा ढीग मागील बाजूस सापडतो. कुंभाराच्या आव्याजवळ तडकलेले माठ, रांजण व कुंड्या असतात. ओढ्यात गोल गोटे मिळतात. डाळिंब व द्राक्षांच्या बागांतून बदललेल्या ठिबकाच्या नळ्या शेतकरी आनंदाने देतात. गावात बैलगाडीचे जुने चाक, मोडलेली मोट अथवा वापरातून गेलेले जाते एखाद्या घरी असते. सोलापूर शहरालगतच्या शाळांना हातमाग व यंत्रमागाचे लाकडी धोटे आणि कांड्याही मिळू शकतात. लाकडी वस्तू पावसात कुजतात, म्हणून त्या ओसरीखालीच मांडाव्यात.

वस्तू मागताना घरातील वडीलधाऱ्यांची संमती अवश्य घ्यावी. जाते किंवा पाटा-वरवंटा यांत एखाद्या आजीचा जीव गुंतलेला असतो. लेकराने उत्साहाने उचलून आणलेली वस्तू परत करण्याची वेळ येऊ नये.

आणखी एक दक्षता या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे. गावाच्या वेशीत, देवळामागे अथवा बांधावर पडलेले कोरीव दगड, वीरगळ, सतीशिळा किंवा अक्षरे असलेल्या शिळा बागेसाठी कदापि हलवू नयेत. त्यांना ऑइलपेंट फासू नये व सिमेंटात बसवू नये. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडल येथे संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील लेख आहे. मराठी भाषेच्या ज्ञात आद्य लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला, तोपर्यंत तो कित्येकांच्या नजरेखालून गेलेला होता. सामान्य दिसणारी शिळा किती मोलाची असू शकते, हे यावरून ध्यानात यावे. १०० वर्षांहून जुन्या अशा कलावस्तूंना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण आहे. अशी शिळा आढळल्यास ती जागीच ठेवून ग्रामपंचायतीस व पुरातत्त्व विभागास कळविणे हे शाळेचे काम होय. त्या दिवशी मुलांना इतिहासाचा पाठ तेथेच द्यावा.

आधी पाहणी, मग आखणी

वस्तू जमविण्यापूर्वी अंगणाची आठवडाभर पाहणी करावी. मुले फाटकापासून ओसरीपर्यंत प्रत्यक्ष कोणत्या वाटेने चालतात, पाण्याच्या टाकीकडे कोठून वळतात, सकाळी दहा वाजता व दुपारी तीन वाजता सावली कोठे पडते, पावसाचे पाणी कोठून वाहते व कोठे साचते, या चार गोष्टी टिपाव्यात. मुलांनी पाडलेली पायवाट हीच खरी वाट समजावी. ती सोडून काटकोनात सुबक रस्ता आखला, तर मुले वाफा तुडवून जुन्याच वाटेने जातील आणि शिक्षकांचा वेळ त्यांना रागावण्यात जाईल.

प्रार्थना, कवायत व ध्वजवंदन यांसाठी लागणारी मोकळी जागा प्रथम दोरी लावून राखून ठेवावी. बागेने खेळाचे मैदान खाऊ नये. बहुतेक शाळांत फाटकालगतची पट्टी, वाटेच्या दोन्ही कडा, ओसरीच्या पायरीजवळील जागा आणि कुंपणाची आतली बाजू एवढ्या चार जागा बागेस पुरेशा होतात.

आखणीचे काम वरच्या इयत्तांकडे सोपवावे. अंगण पावलांनी व नंतर टेपने मोजून कागदावर प्रमाणबद्ध नकाशा काढावा. १२ समान भाग केलेल्या दोरीचा ३, ४ व ५ भागांचा त्रिकोण ताणला म्हणजे जमिनीवर अचूक काटकोन मिळतो. खुंटी व दोरीने वर्तुळ काढता येते. भूमिती व भूगोल यांचा हा पाठ मुले सहसा विसरत नाहीत.

जमीन आणि फरसबंदी

जिल्ह्यातील काळी जमीन पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या मातीवर फरशीचे तुकडे तसेच ठेवले, तर एका पावसाळ्यात ते तिरपे होतात व मुलांच्या पायांना ठेचा लागतात. म्हणून वाटेच्या रुंदीएवढी माती सुमारे वीतभर खोल काढून तेथे मुरूम भरावा, पाणी शिंपडून धुमसाने ठोकावा, त्यावर दोन बोटे जाडीचा खडीचा कच अथवा जाडी वाळू पसरावी आणि मग तुकडे बसवावेत. तुकड्यांमधील सांधे कचाने भरावेत. सिमेंट न वापरल्याने पावसाचे पाणी खाली मुरते व एखादा तुकडा हलला तर तेवढाच काढून पुन्हा बसविता येतो.

वाटेचा उतार इमारतीपासून दूर, दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर ठेवावा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवली म्हणजे उतार तपासता येतो. खणून काढलेली काळी माती टाकून देऊ नये. शेणखत व पालापाचोळा मिसळून ती वाफ्यांत वापरावी. हे सर्व काम दिवाळीनंतर करणे सोयीचे असते. पावसाळ्यात ही माती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात कुदळीला दाद देत नाही.

मांडणीचे साधे नियम

वस्तू पुष्कळ जमल्या म्हणजे त्या सर्व मांडण्याचा मोह होतो. मग अंगणाला जत्रेतील दुकानाचे रूप येते. ते टाळण्यासाठी तीन नियम पाळावेत.

पहिला नियम असा की, प्रत्येक जागी एकच वस्तू मुख्य असावी. फाटकाजवळ रांजण असेल तर त्याच ठिकाणी गाडीचे चाक व जाते ठेवू नये. दुसरा नियम, कडेसाठी एकच जिन्नस सलग वापरावा. एका वाफ्याला कौले, दुसऱ्याला विटा व तिसऱ्याला बाटल्या लावण्यापेक्षा सर्व वाफ्यांना अर्धी पुरलेली कौले लावल्याने अंगण शांत व नेटके दिसते. तिसरा नियम, रंग मोजकेच असावेत. काव व चुना हे दोन रंग ग्रामीण घरांच्या ओळखीचे, स्वस्त व उन्हात उठून दिसणारे आहेत. चुन्यात थोडा डिंक कालविल्यास तो लवकर झडत नाही. चुना विरविण्याचे काम मात्र मोठ्या माणसांनीच करावे. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

फरशीच्या तुकड्यांची नक्षी करावयाची असल्यास दूर जाण्याचे कारण नाही. सोलापुरी चादरीवरील चौकटी व पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारे आकार चौकटीच्या कागदावर सहज उतरतात. एक चौकट म्हणजे एक तुकडा असे मानून मुलांना नक्षी काढावयास सांगावे व वर्गाने निवडलेली एक नक्षी ओसरीपुढे बसवावी. चादर विणताना जकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्यावरील भोकेही याच रीतीने नक्षी ‘सांगत’ असतात, हे या निमित्ताने समजावून देता येईल.

झाडे व पाणी

आराखडा तयार झाल्यावर झाडे थोडी व काटक निवडावीत. कुंपणाच्या आत अडुळसा किंवा मेंदी लावावी. अडुळशाला शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. दगडांच्या कडेस कोरफड, वाफ्यांत सदाफुली व गुलबक्षी, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत झेंडू, भिंतीवर गोकर्णाचा वेल आणि सावलीसाठी एक-दोन कडुलिंब एवढा संसार पुरेसा आहे. गुलबक्षीचे कंद उन्हाळ्यात जमिनीत सुप्त राहून पावसाबरोबर पुन्हा फुटतात. झेंडू व सदाफुलीचे बी मुलांनीच धरून ठेवावे.

तडकलेला पण न गळणारा माठ पाण्याच्या बचतीसाठी अत्यंत उपयोगी आहे. झिलई नसलेला माठ रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा व तोंडावर फरशीचा तुकडा ठेवावा. भोवतीची माती कोरडी होत जाईल तसे पाणी भांड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपते. माती ओली असताना झिरपणे मंदावते. पृष्ठभाग कोरडा राहिल्याने बाष्पीभवन कमी होते व तणही माजत नाही. या पद्धतीचे वर्णन इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात आढळते. माठ पुरण्यापूर्वी रात्रभर भरून ठेवावा. सकाळी तो बाहेरून ओलसर लागला तरच कामाचा समजावा. तेला-तुपाचे भांडे झिरपत नाही. क्षारयुक्त पाण्याने छिद्रे बुजल्यास माठ काढून घासावा किंवा बदलावा. माठातील पाणी रोज किती उतरते हे काडीने मोजून तक्त्यात लिहिणे हा चौथी-पाचवीच्या मुलांना उत्तम प्रयोग आहे.

छपरावरील पाणीही हिशोबात घ्यावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. ४० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर ८०० लिटर पाणी वाहते. त्याची वाट कौलांच्या पन्हळीने वाफ्याकडे वळविली की नाल्यात जाणारे पाणी मुळांपाशी मुरते.

कटाक्षाने टाळावयाच्या गोष्टी

शोभेच्या नादात मुलांच्या जिवाला अपाय होईल असे काही अंगणात येता कामा नये. जुने टायर, उघडे डबे व उपड्या न ठेवलेल्या कुंड्या यांत पावसाचे पाणी साचते. डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास अशाच पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून टायर शक्यतो वापरू नयेत आणि पाणी साचणारी प्रत्येक वस्तू आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी. या डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. पुरलेल्या माठांची तोंडे घट्ट झाकलेली असावीत.

औषध फवारणीचे रिकामे डबे कितीही रंगीत असले तरी, धुऊनसुद्धा, शाळेत आणू नयेत. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तुकडे फोडू वा घासू नयेत. फुटकी काच मुलांच्या हाती देऊ नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असल्याने घरात उरलेले डबे वापरण्यापेक्षा काव व चुना बरे. कण्हेर व पिवळी कण्हेर ही झाडे विषारी आहेत. शेराच्या चिकाने डोळ्यांना इजा होते. यांना शाळेच्या अंगणात स्थान नसावे. सुटे दगड, विटा व कौले यांच्या ढिगात विंचू आश्रय घेतात. म्हणून जमविलेले साहित्य लवकर बसवावे, ढीग रचून ठेवू नये आणि दगड उचलण्याचे काम मोठ्यांनी काठीने हलवून पाहिल्यावरच करावे.

मुलांचा सहभाग

बाग मुलांची आहे असे त्यांना वाटावयाचे असेल, तर श्रमाची वाटणी न्याय्य असली पाहिजे. झाडणे मुलींनी व आखणे मुलांनी, अशी विभागणी करू नये. घाणेरडी कामे ठरावीक घरांतील मुलांच्या वाट्याला तर कधीच जाऊ नयेत. साप्ताहिक पाळी लावून प्रत्येकाने प्रत्येक काम करावे. जड दगड वाहणे, खोदणे व ठोकणे ही पालकांची व तरुण मंडळाची कामे होत.

कोणी काय आणले याची जाहीर तुलनाही होऊ देऊ नये. एखाद्या घरी देण्यासारखे काहीच नसते. ऊसतोडीसाठी अथवा मजुरीसाठी आईबापांबरोबर हिंडणारे मूल दोनच महिने शाळेत असते. अशा मुलाने ओढ्यातून वेचलेला एक गोटाही वाटेच्या कडेस बसला, तर परत आल्यावर तो आपल्या जागी आहे की नाही, हे ते प्रथम पाहील. म्हणून आणलेल्या वस्तूवर देणाऱ्याचे नाव न रंगविता ती वर्गाच्या नावे नोंदवावी, पण प्रत्येक मुलाच्या हाताचे काहीतरी अंगणात असेल याकडे शिक्षकाने न बोलता लक्ष ठेवावे.

उन्हाळ्याच्या सुटीची व्यवस्था

सुटीत झाडांना पाणी कोण घालणार, हे रोपे लावण्यापूर्वी ठरवावे. उदाहरणार्थ, पाच लिटरचे १२ माठ पुरले असतील तर एका वेळी ६० लिटर पाणी लागेल. दर चार दिवसांनी माठ भरले तर ४४ दिवसांत ११ वेळा मिळून ६६० लिटर पाणी पुरते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा हिशोब फळ्यावर मांडून, शाळेजवळ राहणाऱ्या सहा-सात कुटुंबांना एकेक आठवडा वाटून द्यावा व त्यांची नावे दाराच्या आतील बाजूस लावावीत. एवढे पाणीही गावात नसेल, त्या वर्षी माठ व झाडे निम्मी करावीत. टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्यावर बागेचा हक्क नाही. हात धुतलेले व मध्याह्न भोजनाचे धान्य-भाजी धुतलेले पाणी मात्र शाळा चालू असेतोवर वाफ्यांकडे वळवावे.

पहिल्या वर्षी फाटक व वाट, दुसऱ्या वर्षी ओसरीपुढील नक्षी आणि तिसऱ्या वर्षी कुंपण, अशा बेताने काम केल्यास खर्चाचा भार पडत नाही व प्रत्येक तुकडीस स्वतःचे काहीतरी करण्यास उरते. तपासणी अथवा स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात उभी केलेली बाग पाहुण्यांपुरती असते. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी अंगण कसे दिसते, यावरून शिक्षकाने आपल्या कामाची पारख करावी. त्या दिवशी वाट सरळ असेल, कौलांची कड जागेवर असेल आणि माठांशेजारची चार रोपे जिवंत असतील, तर पहिल्या पावसाबरोबर पुढचे काम मुले आपणहून हाती घेतील.